चार-आठ चॅनेलचा घरगुती डीव्हीआर: चित्र झकास, घड्याळ रामभरोसे

चार किंवा आठ चॅनेल, आत एकच हार्ड डिस्क, बारा व्होल्टचा अडॅप्टर. हा डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बाजारपेठेत मिळतो. चाकरमान्यांच्या बंद घरात, आंब्याच्या बागेतल्या मांगरात, होमस्टेच्या काउंटरखाली, सगळीकडे हाच बसलेला दिसतो. वरची स्टिकरं वेगळी असली तरी आतली मांडणी आणि मेनू बरेचसे एकाच घराण्यातले. त्यामुळे इथे एका मॉडेलचं नाव घेत नाही. हा आढावा या सगळ्या वर्गाचा आहे, आणि तो मुख्यतः वेळेपुरता.

बाकीचं थोडक्यात सांगायचं तर दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांचं चित्र दिवसा उत्तम, रात्री चालण्यासारखं. एच.२६५ (चित्र कमी जागेत साठवायची पद्धत) असेल तर डिस्क जास्त दिवस पुरते. मोबाइलवर घर दिसतं. पैसे वसूल, पाचपैकी चार. घड्याळाला मात्र पाचपैकी दीड, आणि त्यातला अर्धा गुण एनटीपीची, म्हणजे नेटवरून वेळ आपोआप जुळवून घ्यायची सोय दिली आहे म्हणून.

घड्याळ चुकलं तर एवढं काय बिघडतं, असं वाटेल. मांगरातून काजूची पोती गेली आणि शेजारी म्हणाले की पहाटे तीनच्या सुमाराला टेम्पोचा आवाज आला, तर तुम्ही तीन ते सव्वातीनचं रेकॉर्डिंग शोधणार. डीव्हीआर चाळीस मिनिटं मागे असेल तर तो टेम्पो दोन वीसच्या खाली पडलेला असतो. घड्याळ २००० सालात गेलेलं असेल तर आजच्या तारखेवर रेकॉर्डिंगच दिसत नाही आणि ‘डिस्क गेली’ म्हणून दुकान गाठलं जातं. डिस्क ठणठणीत असते. कॅलेंडरमध्ये जानेवारी २००० किंवा १९७० उघडून बघा, बहुतेक वेळा तिथे सगळं सापडतं.

किती चुकतंय ते आधी मोजा

चुकीच्या आकड्यातच निम्मं निदान असतं. एनटीपी चालू आहे आणि घड्याळ बरोबर अडीच तास पुढे आहे? टाइम झोन जीएमटी अधिक आठवर, म्हणजे बीजिंगच्या वेळेवर राहिला आहे. कारखान्यातून तसाच आला आणि बसवणाऱ्याने फक्त तास-मिनिटं हाताने बदलली. पुढे एनटीपी चालू झालं आणि त्याने इमाने इतबारे चीनची वेळ लावली. बरोबर साडेपाच तास मागे असेल तर टाइम झोन शून्यावर आहे. अर्धा तास मागे असेल तर अधिक पाच, अर्धा तास पुढे असेल तर अधिक सहा निवडलंय. यादीत साडेपाचची ओळ या दोघांच्या मध्ये असते आणि रिमोटने खाली सरकताना हमखास सुटते. बरोबर एक तास पुढे असेल तर डीएसटीची खूण काढून टाका. आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही, ती खूण लागत नाही.

लाइट जाऊन आली की तारीख थेट जुन्या सालात जात असेल तर दोष आतल्या बटणासारख्या सेलचा किंवा तो जिथे बसतो त्या बैठकीचा. आणि काही न होता रोज एक-दोन सेकंद सरकत सरकत महिन्याला मिनिटभराचा फरक पडत असेल तर तो क्रिस्टलचा दोष. खरं तर दोष म्हणणंही अन्यायच, तो त्याचा स्वभाव आहे.

आतलं बॅटरीवरचं घड्याळ सहसा ३२,७६८ हर्ट्झच्या छोट्या क्वार्ट्‌झ क्रिस्टलवर चालतं, मनगटी घड्याळात असतो तसल्याच. साधा क्रिस्टल दहा लाखांत वीस इतका चुकू शकतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला सुमारे ५२, वर्षाला दहा मिनिटांच्या वर. हे २५ अंश तापमानाला. तापमान त्याहून वर किंवा खाली, कुठेही गेलं तरी हा क्रिस्टल मंदावतो, आणि फरकाच्या वर्गाच्या पटीत मंदावतो: अंशांचा फरक, त्याचा वर्ग, गुणिले ०.०३४. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा टीव्हीमागच्या बंद खणात मे महिन्यात डिस्क फिरत असलेल्या डब्याच्या आत ५० ते ५५ अंश सहज होतात. ५५ धरा: तीसचा वर्ग नऊशे, गुणिले ०.०३४ म्हणजे दहा लाखांत तीसेक. दिवसाला अडीच सेकंदांहून जास्त, तेही आधीच्या चुकीवर. मनगटावरचं घड्याळ अंगाच्या उबेला राहतं म्हणून बरं चालतं. माळ्यावरच्या डीव्हीआरचं ते भाग्य नाही. त्याला खालच्या खोलीत, चहूबाजूंनी चार बोटं जागा सोडून ठेवलं तर घड्याळ आणि डिस्क दोन्ही सुधारतात.

एक गोष्ट बऱ्याच तंत्रज्ञांच्याही लक्षात येत नाही. डीव्हीआर चालू असताना पडद्यावरची वेळ सहसा या क्रिस्टलवर चालत नाही. सुरू होताना बॅटरीवरच्या घड्याळातून वेळ एकदाच वाचली जाते, पुढे मुख्य प्रोसेसरचा क्रिस्टल मोजत राहतो. दोघांची चाल वेगळी. त्यामुळे आठवडाभर ठीक चाललेलं घड्याळ पहाटेच्या आपोआप रिबूटनंतर काही सेकंदांची उडी मारतं. अशी उडी दिसली म्हणून सेल बदलायला धावू नका.

मोजायची रीत सोपी आहे. फोनवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा, फोन डीव्हीआरच्या पडद्याशेजारी धरा आणि दुसऱ्या फोनने दोन्हींचा एकत्र फोटो काढा. आठवड्याने पुन्हा. फरकाला सातने भागा. मोबाइल अ‍ॅपमधल्या लाइव्ह चित्रावरून मात्र मोजू नका, ते चित्र मुळातच काही सेकंद उशिरा येतं. दिवसाला तीन-चार सेकंदांपर्यंत फरक असेल तर यंत्र ठीक आहे, एनटीपीवर सोडा. दिवसाला अर्धं मिनिट जात असेल तर बोर्डावरच गडबड आहे. तेही एनटीपीने झाकलं जातं, पण वॉरंटी असेल तर आधी बदलून मागा.

एनटीपी: फुकटचा इलाज, पण अर्ध्या घरांत लंगडा

मेनूत सिस्टिम, मग जनरल, मग डेट अँड टाइम असा किंवा याच्या जवळपासचा रस्ता. काही यंत्रांत एनटीपीचं पान नेटवर्कखाली असतं. आधी टाइम झोन जीएमटी अधिक साडेपाच, डीएसटी बंद. मग एनटीपीवर खूण, पोर्ट १२३, आणि सर्व्हरचा पत्ता. आपल्याकडची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडून येते. तिचा सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग. इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग किंवा टाइम डॉट गूगल डॉट कॉम हेही चालतात. पत्ता अर्थातच इंग्रजीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. कंपनीने आधीच भरून ठेवलेल्या पत्त्यावर विसंबू नका.

आता पुढची पायरी, जी बसवणारे हमखास गाळतात. हे सगळं भरून ‘सेव्ह’ केलं म्हणजे एनटीपी चालू झालं असं नव्हे. घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं मागे करा, सेव्ह करा, मग ‘अपडेट’ किंवा ‘मॅन्युअल अपडेट’ दाबा. वेळ लगेच जागेवर आली तर ठीक. नाही आली तर बहुतेक वेळा कारण एकच: डीएनएस, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी सोय.

अ‍ॅपवर कॅमेरे दिसावेत म्हणून बसवणारा डीव्हीआरला कायमचा आयपी पत्ता देतो, समजा १९२.१६८.१.१०८. गेटवे (राउटरचा पत्ता) भरतो, डीएनएसचा रकाना रिकामा सोडतो किंवा तिथे भलतंच काही राहतं. डीएनएस नसेल तर सर्व्हरचं नाव सापडत नाही. तिथे ८.८.८.८ भरा, दुसऱ्या रकान्यात १.१.१.१. दुसरा प्रकार याहून वरचढ: गावात नवीन फायबर आली, राउटर बदलला. जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, नव्याचा १९२.१६८.२९.१. डीव्हीआर अजून जुन्याच वाटेवर हाका मारतोय. अ‍ॅपही बंद पडतं, पण घरातल्या टीव्हीवर चित्र दिसत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. नेटवर्कच्या पानावर डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घ्यायची सोय) चालू करा, दोन मिनिटं थांबा, मिळालेला पत्ता बघा. कायमचा पत्ता हवाच असेल तर तो डीव्हीआरमध्ये न लिहिता राउटरमध्ये राखून ठेवा. पुढच्या वेळी राउटर बदलला तरी निदान एनटीपी मरणार नाही.

मध्यांतर, म्हणजे किती मिनिटांनी वेळ विचारायची, हे ६० ठेवा. काही यंत्रांत ते १४४० असतं, दिवसातून एकदा. चांगल्या विजेच्या गावात ते चालेल. पावसाळ्यातल्या कोकणात नाही. लाइट येते तेव्हा डीव्हीआर मिनिट-दीड मिनिटात उभा राहतो, पण सिमकार्डवरच्या राउटरला रेंज पकडायला त्याहून जास्त वेळ लागतो. डीव्हीआर पहिल्यांदा विचारतो तेव्हा नेट नसतं, आणि तो पुढच्या फेरीपर्यंत गप्प बसतो. साठ मिनिटांचं मध्यांतर असेल तर एक तास चुकीची वेळ, १४४० असेल तर अख्खा दिवस. डेटा संपेल ही भीती निराधार आहे. एका विचारण्याचा आकार ७६ बाइट, उत्तराचा तेवढाच. तासाला एकदा धरलं तरी दिवसाचे चार किलोबाइटही होत नाहीत.

सिमचा राउटर घेताना मागे केबल लावायचं लॅन पोर्ट आहे ना ते बघा. खिशातला वायफाय डोंगल या डीव्हीआरला लावता येत नाही, यांना केबलच लागते. इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि डीव्हीआर दोन्ही त्यावर घ्या. राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या बारा व्होल्टच्या यूपीएसवर डीव्हीआर टाकायचा मोह होतो, पण डिस्क फिरायला लागताना क्षणभर दीड-दोन अँपिअरपर्यंत खेचते. तो डबा तिथे मान टाकतो आणि डीव्हीआर सारखा रिबूट होत राहतो.

सेल

एनटीपी असलं तरी सेल चांगला हवा, कारण लाइट आल्यापासून पहिली बरोबर वेळ मिळेपर्यंतचं रेकॉर्डिंग त्याच्यावर अवलंबून असतं. तेवढं जुन्या सालात गेलं की शोधताना सापडत नाही. आणि ‘तीस दिवसांपूर्वीचं पुसा’ अशी सोय चालू असेल तर तेच आधी उडण्याचा धोका.

सहसा सेल सीआर२०३२ असतो: तीन व्होल्ट, २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. काही लहान डीव्हीआरमध्ये जागा वाचवायला सीआर१२२० घालतात, जेमतेम ३५ ते ४०. डीव्हीआर चालू असताना सेलवर भार जवळजवळ नसतो. लाइट गेली की सुरू होतो. बंद अवस्थेत पाच मायक्रोअँपिअर लागतात असं धरलं, तर मोठा सेल पाच वर्षं पुरेल आणि छोटा वर्षाच्या आतच मान टाकेल. हा हिशेब कोरड्या कपाटातला. विजांच्या भीतीने मेन स्विच पाडून मुंबईला जाणाऱ्यांच्या घरात छोट्या सेलचा काही भरवसा नाही.

आपल्याकडे सेलइतकीच त्याची बैठक मरते. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात, खारं वारं आणि चार महिन्यांची दमट हवा, यांत बैठकीच्या पितळी पत्तीवर हिरवट-पांढरी भुकटी जमते. मल्टिमीटरवर सेल ३.१ व्होल्ट दाखवतो आणि बोर्डाला मात्र काही पोचत नाही. सेल नवा घातला, दोन आठवडे चाललं, पुन्हा २००० साल, अशी तक्रार आली की समजावं, पत्ती घासलेलीच नाही.

बदलायची रीत अशी. वॉरंटी चालू असेल आणि झाकणावर सील असेल तर हात लावू नका, दुकानात न्या. नसेल तर आधी सेटिंग पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मेनूतून शटडाउन करा, मग अडॅप्टर काढा. चालू यंत्राचा प्लग ओढू नका. मागचे आणि बाजूचे स्क्रू काढून झाकण मागे सरकवा. डिस्कची केबल ताणली जाणार नाही याकडे लक्ष. सेलची अधिक खूण असलेली बाजू वर असते, बाजूची पत्ती लाकडी टूथपिकने दाबली की सेल उसळून बाहेर येतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर बैठक तुटते. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा: नवा ३ ते ३.३ दाखवतो, २.८ च्या खाली असेल तर टाकून द्या. बैठकीच्या दोन्ही पत्त्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, दहा मिनिटं वाळू द्या. पत्ती सैल झाली असेल तर किंचित वर वाकवा. नवा सेल कडेला धरून बसवा, बोटांचा घाम सपाट बाजूंना लागू देऊ नका.

सीआर२०२५ दिसायला तसाच, पण अडीच मिलिमीटर जाड, बैठकीत हलतो. एलआयआर२०३२ हा चार्जिंगचा, पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, तो घालायचा नाही. चांगल्या कंपनीचा सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो, तारीख बघून घ्या. पानावर दहा मिळणारे बिननावाचे सेल रिमोटला ठीक. काही डीव्हीआरमध्ये सेल पत्त्यांसकट बोर्डाला झाळलेला असतो. सेलच्या अंगावर कधीच झाळू नये. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून जुना काढून तिथे दोन वायरींवर वेगळी बैठक लावून घ्यावी.

सेल काढल्याने पासवर्ड उडतो हा समज जुना आहे. बहुतेक यंत्रांत पासवर्ड आणि सेटिंग फ्लॅश मेमरीत असतात, सेलशी त्यांचा संबंध नाही.

चोरी झाली असेल तर घड्याळाला हात लावू नका

पडद्यावरची वेळ आणि फोनवरची वेळ एकत्र दिसेल असा फोटो काढा. तफावत लिहून ठेवा, ‘डीव्हीआर खऱ्या वेळेपेक्षा २३ मिनिटं मागे’ अशा स्पष्ट शब्दांत, तारखेसह, आणि पंचनाम्यात ती नोंदवायला सांगा. मागचा-पुढचा एकेक तास धरून रेकॉर्डिंग उतरवा, आणि मगच वेळ सुधारा. आधी सुधारली तर त्या तफावतीचा पुरावाच जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात चुकीच्या घड्याळाचा खुलासा आधीच केलेला बरा.

एरवीही घड्याळ मागे घेताना सांभाळून. ते वीस मिनिटं पुढे असेल आणि तुम्ही मागे घेतलंत तर तीच वीस मिनिटं डिस्कवर दोनदा येतात. काही यंत्रं दोन्ही तुकडे दाखवतात, काहींत शोधताना एकच दिसतो. महत्त्वाचं काही असेल तर आधी पेनड्राइव्हवर घ्या.

वेळेचे आकडे चित्रावर कोण छापतं हेही माहीत असू द्या. जुन्या केबलवाल्या कॅमेऱ्यांत डीव्हीआर छापतो, म्हणून त्याचं घड्याळ सुधारलं की संपलं. आयपी कॅमेरे (नेटवर्कवर चालणारे) आणि एनव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर) असतील तर बऱ्याचदा प्रत्येक कॅमेरा स्वतःची वेळ छापतो. तिथे एनव्हीआरमधली कॅमेऱ्यांची वेळ जुळवण्याची सोय चालू करावी लागते, नाहीतर पडवीचा कॅमेरा एक सांगतो आणि गेटाचा दुसरं.

नेट अजिबात नसेल तर गणपतीला, होळीला घर उघडलं की वेळ लावून घ्यायची, एवढंच हातात. लॅपटॉप जोडून डीव्हीआरचं पान ब्राउझरमध्ये उघडलं तर ‘संगणकाच्या वेळेशी जुळवा’ असं बटण असतं, त्याने सेकंदही जुळतात. लॅपटॉपची वेळ आधी मोबाइलच्या नेटवर बरोबर करून घ्या.

वार्षिक देखभालीच्या करारांबद्दल एक शब्द. काचा पुसणं, कनेक्टर बदलणं ही कामं बरी होतात. घड्याळ मात्र बहुतेक जण हातातला फोन बघून लावतात आणि निघतात. सही करण्यापूर्वी डीएनएस, मध्यांतर आणि दहा मिनिटं मागे करून घेतलेली चाचणी, ही तिन्ही समोर करून मागा. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे कुणी सांगितले तर देऊ नका.

नवा घेत असाल तर दुकानात उघडलेला नमुना असतोच, त्यात सेल कुठला ते बघा. बैठकीतला सीआर२०३२ असेल, सर्व्हरचा पत्ता स्वतः लिहिता येत असेल आणि मध्यांतर ६० किंवा कमी ठेवता येत असेल तर घ्या. सेल झाळलेला आणि पत्ता फक्त ठरावीक यादीतून निवडायचा असेल, तर तो पाचशेने स्वस्त असला तरी दुकानातच राहू द्या.